दादूची मिशी

"मेल्यावर माणूस उरतच नाही, रंगा. लाव पैज!" दादू म्हणाला आणि चहाच्या टपरीवर हशा पिकला.

शेजारचा रंगा इरेला पेटला. "लावली! मी आधी गेलो, तर तू मिशी उतरवेपर्यंत माझ्या पिंडाला कावळा शिवू देणार नाही. शिवलाच, तर मी नाही असं समज."

दादूनं तीस वर्षं जपलेल्या मिशीला झोकात पीळ भरला.

सहा महिन्यांत रंगाच गेला.

दहाव्या दिवशी दादू सगळ्यांच्या आधी कृष्णेच्या घाटावर पोचला आणि पिंपळाखालच्या कावळ्यांना त्यानं किलोभर शेव चारली. पोटं भरली की पिंडाकडं फिरकायचे नाहीत. मग रंगा आहे, असं म्हणता तरी येईल.

रंगाच्या पोरानं पिंड ठेवला. पोरगं मागं सरायच्या आत कावळा झेपावला आणि भात घेऊन उडाला.

"समाधानानं गेला हो!" लोक म्हणाले. रंगाच्या बायकोनं हात जोडले. दादू मात्र रिकाम्या पिंपळाकडं बघत राहिला. "जरा तरी अडवायचास की रे, लेका," तो पुटपुटला.

मग तो वस्तरा गुंडाळणाऱ्या न्हाव्यापुढं जाऊन बसला. "मिशी काढ."

"अहो भावजी, पैज तर तुम्ही जिंकलात!" रंगाची बायको म्हणाली.

"हरलो म्हणा की, वहिनी," दादू म्हणाला आणि सगळ्या गल्लीदेखत त्यानं वस्तऱ्यापुढं तोंड केलं.