डावी भिंगरी

फरीदा तांबोळीच्या संगणकाच्या पडद्यासमोर सगळी प्रयोगशाळा जमली होती. तांब्याच्या चकतीवर तिचे रेणू आपणहून सहा-सहाच्या भिंगऱ्या करून बसले होते आणि प्रत्येक भिंगरी डावीकडेच वळलेली होती. त्याच तांब्यावर मी चार वर्षं घालवली होती. माझ्या हाती नुसता गुंता लागला होता. तिला येऊन आठ महिने झाले होते.

"फरीदा, कमाल केलीस!" सर म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी थांबवल्याही.

सगळे चहाला गेल्यावर मी चित्र पुन्हा पाहिलं आणि थबकले. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या या नव्या संगणकावर चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, हे मला महिन्यापूर्वी कळलं होतं. कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे भिंगऱ्या खरं तर उजव्या होत्या. शोधनिबंध असाच छापून आला, तर जगभर तिचं हसं होणार होतं. मी गप्प बसायचं ठरवलं.

चार वाजता तिनं हाक मारली. "ताई, निबंध पाठवतेय. नावं एकदा बघून घ्या ना."

तिच्या नावाशेजारी माझं नाव होतं.

"तांबं स्वच्छ करायची रीत तुमचीच की!" ती हसून म्हणाली.

"थांब," मी म्हणाले. "भिंगऱ्या उजव्या आहेत."

तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. मी ते तिच्यासाठी बोलले की माझ्या नावासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.