आडोसा

कोंबड्यांबरोबर वाढलेली गिनी पाखरं खुराड्यात गुमान निजायची, पण अंडं काही घालायची नाहीत.

"खायला पुढे, अंड्याच्या नावानं बोंब!" सासूबाई खाटेवरून कडाडल्या. निजायची खोली एकच, आणि त्यांची खाट मुलगा-सुनेच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. "या घरात कुणाची कूस उजवेल तर शपथ!"

टोमणा कुणाला होता ते सुनेला बरोबर कळलं. "कोंबड्यांत वाढली म्हणून ती कोंबड्या होतात का, आई? कोंबडी चारचौघांत अंडं घालते. गिनीला आडोसा लागतो." तिनं खुराड्याच्या कोपऱ्यात गोणपाट टांगलं.

"पाखराला पडदा! लाड बघा हिचे!"

आठवडा सरायच्या आत सासूबाईच टोपली सावरत आत आल्या. गोणपाटाआडची टोकदार, टणक अंडी टोपलीत मावत नव्हती. सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सासूबाईंनी अंड्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली.

"हसतेस काय? खाट धर त्या बाजूनं. आजपासून मी स्वयंपाकघरात निजणार."