सावकाश जा

“अचीव्हमेंट जमलं, सक्सेस जमलं. ते तिसरं अकॉम्प्लिशमेंट मेलं जिभेवर बसत नाही,” मी वैतागून म्हणाले. इंग्रजीच्या क्लासमध्ये मॅडमनी एकाच अर्थाचे तीन शब्द दिले होते. प्रत्येक शब्द वापरून स्वतःबद्दल एक वाक्य लिहायचं आणि उद्या वाचून दाखवायचं.

हे फिरायला निघाले होते. चपला घातलेल्या, तसेच दारात उभे राहून माझी वही वाचू लागले. तिन्ही वाक्यं ह्यांच्यावरच होती. बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि एकही अपघात नाही. याहून मोठं आमच्या घरात सांगण्यासारखं होतं तरी काय?

“हे तर तुझं आहे,” हे म्हणाले.

“मी कधी गाडी चालवली?”

“ड्युटीवर निघताना तू एकदाही भांडली नाहीस. हातात डबा द्यायचीस, ‘सावकाश जा’ म्हणायचीस. परत येऊन मी चपला काढल्या, की मग साठवलेलं सगळं काढायचीस. शांत डोक्याने निघायचो, म्हणून गाडी नीट चालली.”

मी ह्यांच्या हातातून वही घेतली, ‘माय हजबंड’ खोडलं आणि तिथे ‘वी’ लिहिलं.

गादीवर पडलेला ह्यांचा ओला टॉवेल मला सकाळपासून दिसत होता. तरी सवयीने म्हटलं, “सावकाश जा.”

हे पायरीवरून परत फिरले. चपला काढल्या आणि माझ्यासमोर येऊन बसले.

“आता ड्युटी नाही. बोल, काय साठवलंयस?”