शिवलेला झेंडा

कुशाबानं टॉवेलात गुंडाळून आणलेला झेंडा ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवला आणि घडी उलगडली.

"मॅडम, हा परवा पंधरा ऑगस्टला घरावर लावला तर चालंल का? खालनं फाटलाय. पण शिवलेला हाय."

ग्रामसेविका तेजश्रीनं हिरव्या पट्ट्याची कड बोटांत धरून पाहिली. वीतभर फाटलं होतं. हिरव्याच दोऱ्यानं शिवलेलं, टाके बारीक, एका ओळीत.

"कोणी शिवलं, काका?"

"हिनं. शिमगा झाल्यावर. वैशाखात गेली ना ती."

तेजश्रीला ते माहीत होतं. प्रयागबाईंच्या मृत्यूची नोंद तिनंच केली होती.

"फाटलेला झेंडा लावत नाहीत. शिवला असला तरी नाही. मी नवा देते तुम्हाला."

"आन ह्याचं काय करू?"

तिनं फाईलमधला कागद काढून वाचला. "खराब झालेला झेंडा मानानं, एकांतात, पूर्ण नष्ट करायचा. शक्यतो जाळून."

"एकांतात म्हंजे? एकट्यानं?"

"हो. लोकांसमोर नाही."

कुशाबा कागदाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. "हिला पोचवायला तर अख्खा गाव होता," तो म्हणाला.

तेजश्रीनं आवाज खाली आणला. "काका, पेटीत ठेवलात तर कोणी विचारायला येणार नाही."

"ती इचारील. धुऊन वाळत घालायची, तर दोरीखाली घोंगडी अंथरायची. पडला तर मातीला लागू नये म्हणून. मी कसा नियम मोडू?" त्याचं बोट टाक्यांवरून पुढं गेलं, परत मागं आलं. "हे टाके तेवढे उसवून घेऊ का? दोरा ठेवतो. बाकी जाळतो."

तेजश्रीनं कागद पुन्हा पाहिला. "इथं 'पूर्ण' लिहिलंय."

"पूर्ण म्हंजे दोरा धरून?"

तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"दोरा झेंड्याचा का तिचा?" त्यानं विचारलं. त्यानंच मान हलवली. "बरं. जाळल्यावर आंघोळ करायची का?"

तिनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

मग तिनं झेंड्याची घडी घालून दिली. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडला, चक्र वर ठेवलं. टाके आत गेले. घडी त्याच्या दोन्ही तळहातांवर ठेवून ती नवा झेंडा काढायला वळली.

"तो नको आता," कुशाबा म्हणाला. "हा जाऊ दे. मग नेतो."

तळहात तसेच पुढं धरून तो पायऱ्या उतरला. अंगणात चिखल होता. शिपाई मुरारी दारातल्या वहाणा उचलून मागोमाग धावला.

"आबा, वहाणा इसरलात."

कुशाबा थांबला. आधी वहाणांकडे बघितलं, मग हातातल्या घडीकडे.

"पोचवायला जाताना घालतात काय रे?"

मुरारीनं वहाणा परत पायरीवर नेऊन ठेवल्या.