ओसाड बेटावरचा चहा

साठी उलटल्यावर परीक्षा देऊन, वर दोन वर्षं खेटे घालून गंगाधररावांनी हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या जगभर बिनतारी बोलायचा, परवाना मिळवला होता. आज सकाळी दक्षिण समुद्रातल्या एका ओसाड बेटाच्या दिशेनं अखेर आवाज लागला. दहा वर्षांत तिथं माणूस उतरला नव्हता. आणि तिकडून बाई बोलली, "अहो, चहा गार व्हायलाय की!"

"सोलापुरातलाच कुणी टवाळ बाईचा आवाज काढतोय हा!" गंगाधरराव भडकले. चोर पकडायला त्यांनी अँटेना सोलापूरजवळच्या चिंचोळीकडं फिरवला, तर आवाज बंद. बेटाकडं वळवला, तर कपबशीसुद्धा वाजली.

"लाज नाही वाटत? परवानाच रद्द करवतो तुझा!"

तेवढ्यात त्यांची बायको यशोदा आत आली. कपबशी टेबलावर ठेवत म्हणाली, "अहो, चहा गार व्हायलाय की!"

गंगाधररावांनी तोंड उघडायच्या आत बेटावरून त्यांचाच संतापलेला आवाज आला, "ठेव तिथं. आणि त्या माणसाकडं बघू नकोस."