वळलेली मान

आमचे हे इंदापुरात खंडोबाच्या नवसाची काशाची कुत्री ओततात. मेणाचं कुत्रं ते सरळ समोर बघणारंच घडवतात, मग त्यावर माती लिंपून साचा करतात. पण छप्पन सालच्या माघात आमची लेक शेवंती झाली, तेव्हापासून साचा कसाही ठेवला तरी आतल्या कुत्र्याची मान तिच्या पाळण्याकडं वळलेली निघते.

"काय ओतारी, कुत्र्याची मान मुरगळली व्हय?" नवसाचं कुत्रं न्यायला आलेले पणदऱ्याचे दत्तोबा हसले, पण कुत्रं न घेताच गेले.

मला मात्र धीर वाटायचा. लेकरावर कुणाचं तरी लक्ष आहे म्हणून मी निवांत भाकरी थापायचे.

आज दुपारी यांनी नवा साचा फोडला. कुत्र्याची मान दाराकडं होती आणि दात विचकलेले होते.

"म्या तोंड मिटलेलं केलं व्हतं," हे पुटपुटले.

दारात कुणीच नव्हतं. शेवंतीनं मात्र कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून पाळण्यातून दाराकडं दोन्ही हात पसरले.