सांगितलेलं स्वप्न

किंचाळतच ती उठली. पहाटेची नमाज पढून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात डोळा लागला आणि नको ते दिसलं. नवरा कामावरच्या उंच क्रेनच्या शिडीवर चढतोय, त्याचा हात सुटतोय, आणि तो खाली येतोय.

सासू धावत आली. सून सांगायला लागली, तशी तिने तिच्या तोंडावर हातच ठेवला.

“मलासुद्धा सांगू नकोस. माणसाला घाबरवायचा सैतानाचा खेळ असतो तो. अल्लाहकडे पनाह माग, मला वाचव म्हण, डावीकडे तीनदा हलकेच थुंक आणि कूस बदल. कुणाजवळ बोलली नाहीस, तर असलं स्वप्न केसालाही धक्का लावत नाही.”

तिने तसंच केलं. जीव खरोखरच थाऱ्यावर आला. चहा झाला, डबा भरला. पण नवरा बुटांच्या नाड्या बांधायला वाकला आणि तिला राहवलं नाही.

“अहो, आज नका ना जाऊ.”

“का गं? काय झालं?”

तिथंच गप्प बसायला हवं होतं. तिने सगळं सांगून टाकलं. शिडी, सुटलेला हात, सगळं.

तो खो खो हसला. “आणि डबा? डब्याचं काय झालं? तेवढा तरी झेलायचास!”

सासू दारातच थबकली. तिने सगळं ऐकलं होतं. तो शीळ घालत जिना उतरून गेला. हिला मात्र मोकळं मोकळं वाटलं, मनावरचा दगड उतरल्यासारखं.

दुपारी मुकादमाचा फोन आला. “भाभी, असाल तशा साइटवर या.” पुढं काही न बोलता त्याने फोन ठेवला.

ती कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. फाटकातून आत शिरली तर सगळं काम बंद. यंत्रं गप्प. माणसं घोळका करून उभी. घोळक्याच्या मध्ये काय पडलंय, ते बघायचं धाडस होईना.

मध्ये काहीच नव्हतं. सगळे माना वर करून बघत होते.

तो शिडीच्या अर्ध्यावर होता. दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारलेली. वर जाईना, खाली येईना. दोघं जण दोर घेऊन त्याच्यापर्यंत चढले, तो त्याच्या कमरेला बांधला, एकेक बोट सोडवलं आणि लहान मुलाला उतरवावं तसं खाली आणलं.

तिने धावत जाऊन त्याला धरलं. हसत होती, रडत होती. “अल्लाहचे लाख लाख शुक्र! खोटं ठरलं हो स्वप्न!”

“खोटंच होतं गं.” त्याचे दात वाजत होते. “पण इतकी वर्षं चढतोय, मी कधी खाली बघितलं नव्हतं. आज बघितलं.”